‘त्यांच्या घरात टीबी आहे’: एका वाक्याची चिकित्सा

धाराशिवकडून बीडच्या दिशेने निघाले की येरमाळ्याची येडेश्वरी मागे पडते आणि तेरखेडा लागते. वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. दिवाळी जवळ आली की महामार्गाच्या कडेची दुकाने भरतात, लांबलांबचे लोक गाडी थांबवून खरेदी करतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी अंगणांत तेरखेड्याच्या माळावर भरलेली दारू उडत असेल. सोरा, गंधक, कोळसा यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या या गावाला जोखीम म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

या गावात एकदा सोयरिकीच्या बैठकीला मी बसलो होतो. मुलगी शिकलेली, माणसे सरळ, देण्याघेण्यावरून अडण्याचा प्रश्न नव्हता. चहा झाला, बैठक उठली आणि बाहेर ओट्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने आमच्याकडच्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितले, “पाव्हणं, सगळं चांगलं हाय, पर त्येंच्या घरात टीबी हाय. आज्याला व्हता, चुलत्यालाबी व्हता.” सोयरीक तिथेच थांबली. मुलीला साधा खोकलाही नव्हता. पुढे त्या मुलाचे लग्न त्याच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले आणि सगळ्यांना हायसे वाटले. या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे ते ओट्यावरचे वाक्य. मराठीत ‘घर’ या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत. एक भिंती आणि छपराचे घर, दुसरे एका चुलीवर जेवणारे कुटुंब, तिसरे घराणे, म्हणजे रक्ताचा वारसा. ‘घरात टीबी आहे’ असे म्हणणारा माणूस यांपैकी नेमके कोणते घर म्हणतो, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. पण सोयरीक मोडते ती तिसऱ्या अर्थाने. आजा आणि चुलता यांचा आजार मुलीच्या रक्तात उतरला आहे, असे ते वाक्य गृहीत धरते. विज्ञानाला या बाबतीत काय ठाऊक आहे आणि आपल्या साहित्याने हे गृहीतक तपासले की जोपासले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

१

आधी साहित्याकडे पाहू. क्षयाने मेलेली मराठी मनातली सर्वांत ठसठशीत माणसे दोन. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले, तेव्हा त्यांचे वय २७ होते. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांना २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. या दोघांना घराघरांत पोचवले ते दोन कादंबऱ्यांनी: रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८).

दोन्ही कादंबऱ्यांत रोगाकडे एक काम सोपवलेले आहे: नायक किंवा नायिकेचे चारित्र्य पूर्णत्वाला नेणे. माधवरावांचा क्षय वाचताना आपल्याला दिसते ते कर्तव्याने झिजणारे शरीर. पानिपतानंतरची विस्कटलेली दौलत, कर्नाटकच्या मोहिमा, काकांचा उपद्रव या सगळ्याची किंमत म्हणजे तो रोग. आनंदीबाईंचा क्षय वाचताना दिसते ती एका जिद्दीची आणि एका हट्टी नवऱ्याची किंमत. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनात रोग उरत नाही, बलिदान उरते. राम गणेश गडकरी १९१९ साली सावनेरला वयाच्या ३३व्या वर्षी क्षयाने गेले. त्यांच्याबद्दल बोलतानाही आपण प्रतिभेने जळून गेलेला माणूस अशीच भाषा वापरतो.

सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली रोगाला रूपक बनवण्याच्या या सवयीवर टीका केली होती. क्षयरोगी म्हणजे हळवा, तरल, असामान्य जीव, ही युरोपीय प्रतिमा त्यांनी उलगडून दाखवली. मराठीत मात्र दोन प्रतिमा शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. थोरामोठ्यांचा क्षय हे बलिदान. शेजारच्याचा क्षय हे घराण्याचे वैगुण्य. ‘स्वामी’ वाचून डोळे पुसणारा वाचकच दुसऱ्या दिवशी स्थळाची चौकशी करताना दबक्या आवाजात विचारतो, “घरात कुणाला काही नव्हतं ना?” या दोन्ही प्रतिमांमधून एक प्रश्न निसटतो: एकाच छपराखाली राहणाऱ्या चौघांपैकी एकालाच हा रोग का होतो?

या प्रश्नापुढे ‘स्वामी’ आणि ‘आनंदी गोपाळ’ या कादंबऱ्या कमी पडतात असे मी म्हणणार नाही, कारण तो त्यांचा प्रश्न नाही. पण त्यांच्यावर पोसलेल्या समीक्षेनेही तो विचारला नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

२

‘घराण्याचा रोग’ ही समजूत परंपरेतून आली असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. जुने ग्रंथ उघडले तर वेगळेच हाती लागते. चरकसंहितेत शोषाची, म्हणजे राजयक्ष्म्याची, चार कारणे दिली आहेत: साहस म्हणजे ताकदीबाहेरचे श्रम, संधारण म्हणजे नैसर्गिक वेग रोखून धरणे, क्षय म्हणजे धातूंची झीज आणि विषमाशन म्हणजे अवेळी, अयोग्य खाणे. या चौघांत कुळाचे नाव नाही. सुश्रुतसंहितेने तर कुष्ठ, ज्वर आणि डोळे येणे यांच्याबरोबर शोषही अशा रोगांत मोजला आहे की जे सहवासाने, एकत्र जेवण्याने, एका अंथरुणावर निजण्याने एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पुराणातल्या कथेत चंद्राला यक्ष्मा जडतो तो दक्षाच्या शापाने, रोहिणीवरच्या पक्षपातामुळे. म्हणजे कुणी श्रमाला, कुणी अन्नाला, कुणी संसर्गाला, कुणी शापाला जबाबदार धरले.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली. ज्या रोगाने त्या गेल्या त्याचे कारण त्यांच्या विद्यार्थिदशेतच जगाला नुकते कळले होते. जंतू सापडल्यावर वारशाचा वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. १९०७ साली लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांनी रुग्णालयातल्या रुग्णांच्या घराण्यांची आकडेमोड करून असा निष्कर्ष काढला की क्षयाकडे असलेला कल आईबापांकडून मुलांकडे उतरतो. पिअर्सन हे संख्याशास्त्राचे मोठे नाव आणि सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या युक्तिवादातला तिढा ओट्यावरच्या वाक्यातल्या तिढ्यासारखाच आहे. खोकणारा बाप मुलाला रक्त देतो आणि त्याच खोलीतली हवाही देतो. घराण्याचे आकडे घेतले की ही दोन्ही एकत्र येतात, आणि नुसत्या आकड्यांवरून ती वेगळी करता येत नाहीत.

३

मग वारशाचा काहीच हात नाही का? आहे, आणि इथे ‘सगळा दोष गरिबीचा’ म्हणून हात झटकणाऱ्या पुरोगामी वाचकालाही थोडे थांबावे लागेल.

जगातल्या सुमारे चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूने कधी ना कधी प्रवेश केलेला असतो. त्यांतले पाच ते दहा टक्केच पुढे आयुष्यात कधी तरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या शरीरात जंतू दबून राहतो किंवा नष्ट होतो. ही राखण कशी होते ते ढोबळपणे सांगता येईल. श्वासावाटे आत आलेला जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात. गिळलेल्या जंतूचे तुकडे त्या पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडतात. हे तुकडे ज्या रेणूंवर मांडले जातात त्यांना एचएलए म्हणतात. ते पाहून टी-पेशी जाग्या होतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप सोडतात. तो मिळाला की भक्षक पेशीला गिळलेला जंतू मारण्याचे बळ येते. या साखळीतली प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या जनुकावरून घडते, आणि जनुके आईबापांकडून येतात.

एचएलए हे नाव वाचकांनी मूत्रपिंड रोपणाच्या संदर्भात ‘मॅचिंग’ म्हणून ऐकलेले असते. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकांचा एक संच आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. माणसामाणसांत या संचांत अफाट विविधता असते. तुमचे रेणू जंतूचा एक तुकडा नीट मांडतील, माझे दुसरा. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रात १९८० नंतर झालेल्या अभ्यासांत डीआर-२ नावाचा एचएलए प्रकार क्षयरुग्णांत अधिक आढळला. हा प्रकार असलेले लाखो लोक ठणठणीत असतात, आणि नसलेले लाखो लोक आजारी पडतात. जोखीम थोडी वाढते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे घाना, रशिया, आइसलँड अशा देशांत संपूर्ण जनुकसंच चाळून शोध घेतले गेले. एका देशात सापडलेली खूण बहुधा दुसऱ्या देशात टिकली नाही. अनेक देशांचे आकडे एकत्र करून झालेल्या अलीकडच्या विश्लेषणात ठामपणे उभा राहिला तो एचएलएचाच भाग.

आता हे ज्ञान ओट्यावरच्या वाक्याला लावून पाहू. सख्ख्या दोन भावंडांत एचएलएचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक असते. चुलता आणि पुतणी यांच्यात दोन्ही जुळणे त्याहूनही दुर्मीळ. म्हणजे ‘घराणे’ नावाची एकसंध वस्तू प्रतिकाराच्या जनुकांपुरती अस्तित्वातच नाही. दर पिढीत पत्ते पिसले जातात. चुलत्याच्या हातातले पान पुतणीच्या हाती आले आहे, हे कुणी पाहिले?

४

वारशाचा हात मोजायचा कसा, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात १९२९-३० साली अडीचशेच्या आसपास नवजात बाळांना बीसीजी लस तोंडावाटे देण्यात आली. लसीत जिवंत, जहाल क्षयजंतू मिसळले गेले होते. सत्तरहून अधिक बाळे दगावली. बाकीची बहुतेक आजारी पडून बरी झाली. जंतू तोच, वय तेच, शहर तेच, तरी परिणाम वेगळे. मग हा फरक उपजत प्रतिकाराचाच असला पाहिजे, असे अनेक वर्षे शिकवले गेले. पुढे नोंदी नव्याने तपासल्यावर दिसले की वेगवेगळ्या बाळांच्या वाट्याला आलेली जंतूंची मात्राही सारखी नव्हती. ज्यांना जास्त मात्रा मिळाली त्यांचे हाल जास्त झाले. उपजत फरक त्याने खोटा ठरत नाही, पण पुरावा पूर्वी वाटला तितका स्वच्छ उरत नाही.

जुळ्यांचेही तसेच. एकबीज जुळ्यांत एकाला क्षय झाला तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण द्विबीज जुळ्यांच्या सुमारे दुप्पट दिसले. १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश पाहणीवरून जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९७८ साली वारशाचे वजन ठळकपणे मांडले. त्याच पाहणीची २००७ साली फेरतपासणी झाली, तेव्हा सहवास आणि परिस्थिती यांचे वजन वारशाहून अधिक भरले. दोन्ही वेळा कागद तेच होते. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलले. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. एकाच संहितेची दोन वाचने आपणही रोज करतो.

५

पण एका ठिकाणी वारसा संशयाला जागा ठेवत नाही. १९९६ साली दोन संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की काही मुलांत इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप घेणारा ग्राहक रेणूच बिघडलेला असतो. एका गटाने माल्टातले कुटुंब अभ्यासले होते, दुसऱ्याने ट्युनिशियन वंशाचे एक बाळ. अशा मुलांना निरुपद्रवी समजले जाणारे मातीपाण्यातले जंतूही ग्रासतात. क्षयापासून राखण करण्यासाठी दिलेली बीसीजी लसच त्यांच्या अंगभर पसरते. त्यानंतर या साखळीतल्या इतर अनेक कड्यांचे बिघाड सापडत गेले. त्यांतले बरेच असे की आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच रोग दिसतो. एकच प्रत असलेला माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो आणि त्याला पत्ताही नसतो.

हे फक्त परदेशातले नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रुधिर आणि प्रतिकारशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. प्रतिकाराचे जन्मजात दोष असलेल्या मुलांचे निदान तिथे होते, आणि त्यांत जंतूंच्या या गटापुढे हतबल होणारी मुलेही असतात. आपल्याकडे प्रत्येक बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी दिली जाते. बहुतेकांना ती सोसते. लहान मुलांतल्या जीवघेण्या क्षयापासून ती राखतेही. पण लस टोचल्यानंतर काखेतली गाठ वाढत गेली, जखम भरेना, ताप हटेना, तर त्या बाळाला ‘घरातला क्षय लागला’ म्हणून सोडून देऊ नये. ती तपासणीची वेळ असते.

याहून सौम्य, पण याच जातीचे एक उदाहरण २०१८ साली पुढे आले. टायक-२ नावाच्या जनुकातला एक विशिष्ट बदल दोन्ही प्रतींत असेल तर क्षयाची जोखीम ठळकपणे वाढते. युरोपीय वंशाच्या सुमारे सहाशे माणसांत एकाकडे अशा दोन्ही प्रती असतात; बहुतेक इतर प्रदेशांत त्याहून कमी जणांकडे. प्राचीन हाडांतला डीएनए वाचून असेही दिसले की गेल्या दोन हजार वर्षांत युरोपात हा बदल झपाट्याने विरळ झाला. क्षयाने त्याच्या वाहकांना वेचून नेले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता सुरुवातीच्या बैठकीकडे परतू. बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी एकाच बाळात येण्याची शक्यता कुठे वाढते? जिथे आईबापांचे पूर्वज एकच असतात तिथे. मामाच्या मुलीशी लग्न ही मराठवाड्याची आणि दक्षिण महाराष्ट्राची जुनी रीत. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या महाराष्ट्राची ही खूण नोंदवली आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात नवराबायकोला आजाआजीची एक जोडी सामाईक असते. अशा लग्नांतली बहुसंख्य मुले निरोगी जन्मतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण वारशाने येणाऱ्या दुर्मीळ रोगांपुरती खबरदारी घ्यायचीच, तर ती इथे घ्यायला हवी. त्या ओट्यावर घडले ते उलटे. ज्या मुलीच्या आज्याला आणि चुलत्याला कधी काळी क्षय होता ती ‘रक्ताने धोक्याची’ ठरली, आणि रक्ताचेच नाते असलेली मुलगी निर्धोक ठरली. वारशाची भीती आपण बाळगतो, पण वारसा समजून घेत नाही.

६

राहिले ते घराचे पहिले दोन अर्थ: छप्पर आणि चूल. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक घरच्यांवर एक प्रयोग झाला. एका गटातल्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या; दुसऱ्या गटात असे धान्य रुग्णालाच मिळाले, घरच्यांना नाही. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरच्यांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी होते. फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयात ही घट ४८ टक्के होती. कुणाचीही जनुके बदलली नव्हती. ताटातले अन्न तेवढे बदलले होते. चरकाने विषमाशन म्हटले होते, त्याला दोन हजार वर्षांनी आकडा मिळाला.

मला इथे जनुकशास्त्र विरुद्ध तांदूळ असा सामना लावायचा नाही. उपजत प्रतिकार कमी-जास्त असतो, हे खरे आहे. अन्न, दाटी, धूर, मधुमेह, दारू यांनी तो आणखी खाली येतो, हेही तितकेच खरे आहे. पण यांतल्या एका गोष्टीवर आज आपला हात पोचतो आणि दुसरीवर पोचत नाही. ‘घराण्याचा रोग’ हे वाक्य आपल्याला नेमके न पोचणाऱ्या गोष्टीकडे बघत बसवते, आणि तेवढ्यात पोचणारी गोष्ट हातची जाते. शिवाय त्या वाक्याच्या भीतीने माणसे खोकला लपवतात. लग्नाची मुलगी घरात असेल तर बापाचे औषध दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून आणले जाते, कधी मध्येच सोडले जाते. मग जंतू त्या घरात जास्त दिवस राहतो आणि खरोखरच दुसऱ्याला लागतो. वाक्य स्वतःच स्वतःला खरे करून घेते.

त्या ओट्यावर मी काही बोललो नाही. आज बोललो असतो तर त्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारले असते: आज्याला आणि चुलत्याला होता म्हणता, तो कधी? तेव्हा ते एकाच खोलीत निजत होते का? औषध पुरे केले का? मुलीला तपासून घेतले आहे का? क्षयरुग्णाच्या घरच्यांना तपासून गरज असेल तर प्रतिबंधक औषध देण्याची सोय आता सरकारी कार्यक्रमात आहे. तेरखेड्याच्या माणसाला त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली असती, तर ती मुलगी नाकारायला कारण उरले नसते. आणि मामाच्या मुलीचे ठरवताना पाचवा प्रश्न विचारायला हवा होता: दोन्हीकडच्या घरांत लहानपणीच गेलेली मुले किती, आणि ती कशाने गेली? तो प्रश्न त्या दिवशी कुणाच्याच मनात आला नाही.